नियम कोणाचा, खर्च कोणाचा?

शासकीय सेवेत असताना नियमांचे मसुदे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली. नियम लिहिणारा एक आणि तो पाळण्याचा खर्च सोसणारा दुसरा, हे तेथे नित्य दिसे. याच विसंगतीचे ठळक उदाहरण युरोपातील फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या इतिहासात आढळते.

१९८० च्या सुमारास या शर्यतींचे नियम 'फिसा' ही संस्था करीत असे. तिचे अध्यक्ष होते फ्रान्सचे ज्याँ-मारी बालेस्त्र. समोर उभी होती 'फोका', म्हणजे प्रामुख्याने ब्रिटिश संघांची संघटना. ब्रॅबहॅम संघाचे मालक बर्नी एक्लस्टन तिचे नेते, तर बॅरिस्टर मॅक्स मोझ्ली कायदेशीर सल्लागार.

निमित्त झाले मोटारीच्या दोन्ही कडांना लावलेल्या झालरींचे. त्यांच्यामुळे बाजूंची हवा आत न शिरता मोटारीखालचा हवेचा दाब कमी राहून गाडी रस्त्याला चिकटून राही आणि वळणे भरधाव घेता येत. हा वेग जिवावर बेतणारा आहे, म्हणून झालरींवर बंदी घालण्याचे बालेस्त्र यांनी ठरविले. कारण रास्तच होते. तथापि रेनोने १९७७ साली आणलेल्या टर्बो इंजिनाचा खर्च लहान संघांना झेपणारा नव्हता. ते विकतच्या कॉसवर्थ इंजिनावर धावत, आणि झालर हेच त्यांचे अस्त्र होते. शिवाय दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, हा प्रश्न होताच.

१ जून १९८० रोजी स्पेनमधील हारामा येथील शर्यत फेरारी, रेनो व आल्फा रोमिओ यांच्याविना झाली. ॲलन जोन्स जिंकले, पण ते गुण विजेतेपदासाठी धरले गेले नाहीत. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे हेच घडले. तेथे कार्लोस रॉइटेमान पहिले आणि नेल्सन पिके दुसरे आले. वर्षाअखेरीस पिके ५० गुणांनी विश्वविजेते ठरले. रॉइटेमान यांचे गुण होते ४९. क्यालामीचे ९ व ६ गुण धरले असते, तर हिशेब ५८ विरुद्ध ५६ असा रॉइटेमान यांच्या बाजूने लागला असता. त्यांना विश्वविजेतेपद पुढेही कधी लाभले नाही. भांडण संस्थांचे, किंमत मात्र चालकाने मोजली.

मार्च १९८१ मध्ये पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्दचे नाव लाभलेला करार झाला. नियमांचा अधिकार 'फिसा'कडे राहिला. व्यापारी हक्क 'फोका'कडे गेले. तरीही १९८२ साली ब्राझीलमध्ये पिके व केके रोसबर्ग यांना वजनाच्या वादातून अपात्र ठरविताच बहुतेक 'फोका' संघांनी इमोलावर बहिष्कार टाकला. तेथे अवघ्या १४ मोटारी धावल्या.

खरी गंमत पुढेच आहे. १९९१ साली मोझ्ली यांनी बालेस्त्र यांचाच पराभव करून 'फिसा'चे अध्यक्षपद मिळविले आणि १९९३ मध्ये ते मूळ संस्था 'एफआयए'चे प्रमुख झाले. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने शर्यती सोडल्या. तेव्हा लहान संघ तगावेत म्हणून मोझ्ली यांनी ४ कोटी पौंडांची खर्चमर्यादा सुचविली. जून २००९ मध्ये आठ संघांनी वेगळी स्पर्धा काढण्याची घोषणा केली. काही दिवसांतच तडजोड झाली. मर्यादा मागे पडली, मोझ्ली यांनीही पुन्हा उभे न राहण्याचे मान्य केले. एकेकाळी संघांचा वकील असलेला माणूस आता नियमकर्ता म्हणून संघांपुढे नमला होता. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू व टोयोटा यांनीही निवृत्ती जाहीर केली.

खर्चमर्यादा अखेर २०२१ साली आली, १४ कोटी ५० लाख डॉलरची. पहिल्याच वर्षी ती ओलांडल्याबद्दल रेड बुल संघाला ७० लाख डॉलर दंड झाला. संघांनी या वेळी बंड केले नाही, कारण मर्यादा त्यांच्या संमतीने ठरली होती.

खुर्ची बदलली की माणसाला नियमाची दुसरी बाजू दिसते, हे मी सेवेत अनेकदा पाहिले. परंतु ज्याला खर्च सोसायचा आहे त्याला मसुद्याच्या वेळीच शेजारी बसविले, तर पुढची कितीतरी भांडणे टळतात. त्यास बारा वर्षे लागावीत, हे मात्र खेदाचे.