‘हे खरे आहे काय?’ : विधिमंडळातील प्रश्न, सार्वजनिक खर्च आणि तुलनेचे एकक

महाराष्ट्र विधिमंडळाची छापील प्रश्नोत्तरे वाचू लागणाऱ्यास पहिल्या चार-दोन पानांतच एक गोष्ट जाणवते. प्रश्न विचारणारे सभासद निरनिराळे, गावे निरनिराळी, खातीही निरनिराळी. वाक्याचा साचा मात्र एकच. अमुक खात्याचे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात, मग ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, आणि बहुधा शेवटच्या उपप्रश्नात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचा साचाही तितकाच ठरलेला : ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. कोणा वाडीचा पाझर तलाव, तालुक्याच्या ठिकाणचे ग्रामीण रुग्णालय, अर्ध्यावर थांबलेला पूल, वर्षअखेरीस परत गेलेला निधी, हे सारे याच चौकटीतून जाते. या मजकुरास वाङ्मय म्हणावे असा आग्रह नाही. परंतु ज्या गद्याने शतकाहून अधिक काळ सत्तेला जाब विचारला, त्याच्या रूपबंधाचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने इतिहासकारावर सोडून द्यावा, हेही पटण्यासारखे नाही.

सार्वजनिक खर्चाविषयीच्या प्रश्नाचा गाभा तुलनेत असतो. नुसता आकडा काहीच सांगत नाही. तो कशाशी ताडून पाहायचा, हे ठरल्यावरच त्यातून प्रश्न उभा राहतो. तुलनेचे हे एकक मराठी सार्वजनिक जीवनात निदान तीनदा बदलले : आधी राष्ट्र, मग जात, मग प्रदेश. प्रत्येक बदलात काही हाती लागले आणि काही निसटले. निसटले त्याची नोंद फारशी झालेली नाही, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन मुख्यतः तेच आहे.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सभासदांस प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. त्या काळी सरकारला खर्चाविषयी विचारायचे तर अर्ज करावा लागे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या अर्जाला एक शिस्त दिली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन हाही अर्जाचाच प्रकार. परंतु त्यातील युक्तिवाद पुढल्या सर्व चर्चेचे बीज ठरावा असा आहे. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. लोकल फंडाचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणाकडे लावावा, ही त्यांची मागणी होती. पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद असताना व्हाइसरॉय लिटन यांच्या भेटीनिमित्त करावयाच्या खर्चाला त्यांनी केलेला विरोधही याच विचारातून आलेला होता. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी संवादाचे रूप योजले आहे. तेथील धोंडिबा जाणून घेण्यासाठी विचारतो. कायदेमंडळातील सभासदाला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते; त्याला ते सरकारच्या तोंडून नोंदवून घ्यायचे असते. या दोन प्रश्नांची जातकुळी वेगळी आहे, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

१८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार दिला. मतदानाचा दिला नाही, पूरक प्रश्नाचाही दिला नाही. प्रश्नात युक्तिवाद असू नये, तो केवळ माहिती मागणारा असावा, असा नियम होता. या नियमाचा वाङ्मयीन परिणाम मोठा झाला. युक्तिवाद करायचा नाही म्हटल्यावर तो ‘हे खरे आहे काय’ या शब्दांच्या आड दडवावा लागला. विधान करायचे, पण शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचे. आरोप करायचा, पण माहिती मागितल्याच्या सुरात. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्यास आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांसही पूरक प्रश्न विचारता येऊ लागले. तरी साचा टिकला, स्वातंत्र्यानंतरही टिकला.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे २६ मार्च १९०२ चे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण हा या परंपरेतील सर्वपरिचित टप्पा. केंद्रीय कायदेमंडळात सरकार शिलकीच्या अंदाजपत्रकाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत असताना, ही शिल्लक सुबत्तेची खूण नसून गरजेहून अधिक कर घेतल्याची खूण आहे, असे गोखल्यांनी मांडले. रुपयाच्या विनिमयदरात झालेल्या बदलामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा बोजा हलका झाला. त्या बचतीला भरभराट म्हणता येत नाही, हा त्यांच्या हिशोबाचा मर्मभाग. त्यामागे सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी यांची आकडेशास्त्रातील तपश्चर्या होती, हे आवर्जून सांगायला हवे. आपल्याकडे वक्त्याचे पुतळे होतात, आकडे जुळवणाऱ्याचे होत नाहीत. मिठावरील कर १९०३ मध्ये मणी अडीच रुपयांवरून दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका सभासदाच्या भाषणांस देणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या भाषणांवाचून हा क्रम समजत नाही. शिल्लक रक्कम स्थानिक संस्था, प्राथमिक शिक्षण आणि आरोग्य यांकडे वळवावी, असा त्यांचा आग्रह होता. मात्र गोखल्यांच्या हिशोबातील एकक राष्ट्र हेच राहिले : एका बाजूस साम्राज्य, दुसऱ्या बाजूस हिंदी प्रजा. ही प्रजा आतून किती दुभंगलेली आहे, हा प्रश्न त्या ताळेबंदात मावत नव्हता.

तो मुंबईच्या कौन्सिलात १९२३ मध्ये आला. त्या वर्षी ४ ऑगस्ट रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविली जाणारी, किंवा सरकारनियुक्त वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. या ठरावाकडे आपण सामाजिक सुधारणेचा टप्पा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा पाया धर्मशास्त्रात नाही, दयेत नाही. तो खर्चाच्या हिशोबात आहे. सार्वजनिक पैशाने बांधले म्हणजे सार्वजनिक झाले, एवढे एकच विधान हा ठराव करतो. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका वा लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. मधल्या काळात महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तळ्यावर जाणे मात्र कोणास शक्य झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते सर्वश्रुत आहे. पुढे तळे नगरपालिकेचे की स्पृश्यांच्या खासगी मालकीचे, हाच वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात स्पृश्य वादींच्या विरुद्ध संपला. म्हणजे कौन्सिलातील ‘सार्वजनिक निधी’ हा रुक्ष शब्दप्रयोग चौदा वर्षे एका तळ्याभोवती फिरत राहिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या आरंभी याच कौन्सिलात सभासद म्हणून आले. शिक्षणाच्या अनुदानावरील त्या वर्षीच्या भाषणात त्यांनी माणशी शिक्षणावर होणारा खर्च आणि अबकारी करातून माणशी मिळणारे उत्पन्न एकमेकांशेजारी ठेवले. दारूवर माणूस सरकारला जे देतो, त्याहून कमी सरकार त्याच्या शिक्षणावर खर्च करते, हे त्यातून दिसले. शिवाय निरनिराळ्या समाजांतील मुलांचे शाळांतील प्रमाण त्यांनी वेगवेगळे मांडले. सरासरी मोडून आत पाहणे ही त्यांची पद्धत होती. १९६३ मध्ये लोकसभेत राममनोहर लोहिया यांनी तीन आण्यांचा वाद घातला, तेव्हा वेगळ्या भाषेत हेच घडले. देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे लोहिया म्हणाले. सरकारपक्षाचा आकडा पंधरा आण्यांचा होता. सरकारी आकडा सरासरीचा होता, आणि सरासरीच्या आत कोण दडले आहे हाच वादाचा विषय होता.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजी प्रश्नातील आर्जवी सुरुवात हिंदीने जवळजवळ जशीच्या तशी घेतली : मंत्री ‘यह बताने की कृपा करेंगे’ का, असे संसदेतील हिंदी प्रश्न विचारतो. मराठी साच्यात कृपा नाही. तेथे ‘खुलासा’ आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ सार असा. हिंदी-उर्दूत तो सारांश आणि गौप्यस्फोट या दोन टोकांमध्ये वावरतो. मराठीत मात्र ‘खुलासा मागणे’ म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठास जाब विचारणे. कचेरीत कारकुनाकडे खुलासा मागितला जातो. मंत्र्याकडे खुलासा मागणारा सभासद भाषेपुरता तरी त्याचा वरिष्ठ होतो. हा योगायोग असेल. पण भाषांतराच्या अभ्यासकांनी असे योगायोग सहजी सोडू नयेत.

तिसरे एकक, प्रदेश, भाषावार राज्याच्या मागणीबरोबर आले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने तीन घटकांचे एक राज्य कल्पिले. खर्चाचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, अविकसित मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला व्हावे, असे ठरले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून आलेल्या अनुच्छेद ३७१(२) ने विकास मंडळांची आणि त्यांच्या वार्षिक अहवालाची तरतूद केली. या तीन घटकांचा प्रश्न विचारण्याचा इतिहासही सारखा नव्हता. मुंबईस कौन्सिलाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. मध्य प्रांतात कायदेमंडळ १९१४ मध्ये आले. आणि मराठवाड्यास हैदराबाद राज्यात प्रौढ मताधिकारावर निवडलेले सभागृह १९५२ मध्ये मिळाले. रस्ते आणि सिंचन यांच्याआधी प्रश्न विचारण्याच्या सवयीतच अंतर पडले होते.

१९६० नंतरची दोन दशके विदर्भ-मराठवाड्यातील सभासद उदाहरणांनिशी तक्रार करीत आणि सरकार उदाहरणांनिशीच उत्तर देई. या चर्चेस सामाईक मोजपट्टी दिली ती अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने. समिती १९८३ मध्ये नेमली गेली, अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, तिच्या खाली असलेल्या जिल्ह्याची तूट मोजायची, ती भरून काढण्यास लागणारा पैसा मांडायचा. त्याचे नाव ‘अनुशेष’. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची आघाडी वजा करायची नाही. त्यामुळे एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात विदर्भाचे १,२४६.५५ कोटी आणि मराठवाड्याचे ७५०.८५ कोटी निघाले, तसे उर्वरित महाराष्ट्राचेही १,१८९.३८ कोटी निघाले. हा निष्कर्ष कोणासच पूर्णपणे सोयीचा नव्हता, आणि त्यातच त्याची शास्त्रीय प्रतिष्ठा आहे, असे मला वाटते. विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली. निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशोबानुसार १ एप्रिल १९९४ चा अनुशेष १४,००६.७७ कोटी ठरला. त्यात विदर्भाचा वाटा ६,६२४.०२ कोटी, म्हणजे ४७ टक्क्यांहून अधिक. या दोन आकड्यांची थेट तुलना करून दहा वर्षांत मागासलेपण चौपट झाले असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. किमती आणि मोजणीचा पाया हे दोन्ही मधल्या काळात बदलले होते, हे तीत विसरले जाते.

‘अनुशेष’ या शब्दाने सभागृहातील प्रश्नाचे व्याकरण बदलले. ‘थकबाकी’त देणेकरी आणि घेणेकरी असतात, वसुलीची धमकी असते, ‘अनुशेष’ संस्कृत आहे, कोणावर बोट ठेवीत नाही. त्यामुळे तो अहवालात बसला आणि भाषणातही. पण बोलता बोलता सभासद पुन्हा ‘निधी पळवला’ या रोखठोक मराठीवर येतात, तेव्हा शब्दाने झाकलेला वाद उघडा पडतो. २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालाने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक सुचविले, म्हणजे जाळे आणखी बारीक विणले. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनेही नागपूरला न होता मुंबईत झाली. आणि २०२२ मध्ये मंडळांच्या पुनर्गठनाची शिफारस करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

जाळे कितीही बारीक केले तरी ते जमिनीवर पसरलेले आहे. जिल्हा असो वा तालुका, त्या हद्दीत राहणारी माणसे एकसारखी आहेत असे गृहीत धरूनच अनुशेष मोजला जातो. नळयोजना झाली की तूट भरली. नळ गावाच्या कोणत्या भागापर्यंत आला, हे त्या तक्त्याने विचारायचे नसते. जातीचे आणि जमातीचे एकक अर्थसंकल्पातून नाहीसे झाले असे नव्हे. पाचव्या योजनेपासून आदिवासी उपयोजना आली, १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद हे तत्त्व तेथेही मान्य झाले. त्या तरतुदी कोठे वळविल्या गेल्या यावर सभागृहात प्रश्न होतात. परंतु ही वही वेगळी आणि अनुशेषाची वही वेगळी. विदर्भाच्या सिंचनावर बोलणारा सभासद पहिली वही क्वचितच उघडतो. उपयोजनेचा निधी विचारणाऱ्यास प्रदेशाचा तक्ता लागत नाही. बोले यांच्या १९२३ च्या ठरावात पाणवठा कोणत्या पैशाने बांधला आणि पाणी कोणी घ्यायचे, ही दोन्ही कलमे एकाच वाक्यात होती.