‘माथेफिरू’ म्हटलं की विषय संपतो



आजचा विषय दूरच्या देशाचा आहे आणि जडही आहे. टीव्हीवर, मोबाइलवर आपण अधूनमधून बातमी ऐकतो. कुणीतरी बंदूक घेऊन शाळेत, नाहीतर बाजारात शिरला आणि समोर येईल त्याला मारत सुटला. दोन दिवस चर्चा होते, मेणबत्त्या लागतात, फुलं वाहतात. काही महिन्यांनी पुन्हा तशीच बातमी. मग मनात येतं, एवढे शिकलेले, पैसेवाले देश, पण यांना या दुखण्याचं मूळ कसं सापडत नाही? मी जे वाचलं त्यावरून मला वाटतं, मूळ बऱ्याचदा पहिल्याच दिवशी समोर असतं. त्याचं नाव घेणं मात्र सगळ्यांना अवघड जातं. कॅनडा देशातल्या दोन घटना सांगते, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल.

पहिली घटना 6 डिसेंबर 1989 ची. क्युबेक प्रांतातल्या माँट्रियल शहरात इकोल पॉलितेक्निक नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्या दिवशी संध्याकाळी 25 वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन तिथल्या एका वर्गात शिरला. वर्गात मुलगे पन्नासच्या आसपास आणि मुली फक्त नऊ. त्यानं मुलींना एका बाजूला उभं केलं आणि मुलग्यांना बाहेर जायला सांगितलं. मुलींना म्हणाला, तुम्ही स्त्रीवादी आहात आणि मला स्त्रीवाद्यांचा राग आहे. नताली प्रोव्हो नावाच्या मुलीनं त्याला समजावून पाहिलं, की आम्ही फक्त शिकायला आलेल्या मुली आहोत. त्यानं गोळ्या झाडल्या. नऊपैकी सहा जणी गेल्या. नताली चार गोळ्या लागूनही वाचली.

तिथून तो इमारतभर फिरला. वीस मिनिटांच्या आत 14 स्त्रिया मारल्या गेल्या. त्यातल्या 12 इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, एक नर्सिंग शिकणारी आणि एक कॉलेजच्या कचेरीत काम करणारी. शेवटी त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचं नाव मी घेणार नाही. ते लक्षात ठेवायची आपल्याला गरज नाही.

आता बघा, इथं कारण शोधायला कुठं लांब जायचं होतं का? त्यानं वर्गात मोठ्यानं सांगितलं होतं. त्याच्या अंगावरच्या कपड्यात चिठ्ठी सापडली, तिच्यातही लिहिलं होतं, की स्त्रीवाद्यांनी माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं. सोबत 19 बायकांची यादी होती. समाजात पुढं आलेल्या, नाव कमावलेल्या बायका. संधी मिळाली असती तर त्यांनाही मारलं असतं, असा त्याचा रोख होता. पोलिसांनी ही चिठ्ठी लोकांसमोर आणली नाही. जवळपास वर्षभरानं तिची प्रत फ्रान्सिन पेलेतिए या पत्रकार बाईंच्या हाती आली आणि ती वर्तमानपत्रात छापली गेली. त्या यादीत खुद्द पेलेतिए यांचंही नाव होतं.

त्या वर्षभरात काय झालं? बरेच लोक म्हणाले, तो माथेफिरू होता, एकट्यादुकट्याचं डोकं फिरलं, त्यात बायका-पुरुष असं काय आणता? ज्या बायका म्हणाल्या, की या मुली केवळ मुली होत्या म्हणून मेल्या, त्यांनाच ऐकावं लागलं, की लोकांच्या दुःखाचं राजकारण करू नका. या हत्याकांडाच्या कारणांची सरकारनं खुली चौकशी लावली नाही. 1991 मध्ये जो अधिकृत अहवाल आला, त्याचा भर पोलीस आणि रुग्णवाहिका कशा उशिरा पोचल्या यावर होता. तेही महत्त्वाचं होतंच. पण आग विझवणारा बंब उशिरा का आला, एवढंच विचारलं, तर काडी कुणी आणि का लावली हे बाजूला राहतं.

‘माथेफिरू’ हा शब्द सोयीचा असतो. तो एकदा उच्चारला की शेजाऱ्याला, शाळेला, पोलिसांना, सरकारला काहीच करावं लागत नाही. वेडाला कोण काय करणार? पण या मुलाचं घर बघितलं, तर त्याच्या आईबापाच्या घटस्फोटाच्या खटल्यात बाप बायकोला आणि मुलांना मारहाण करत होता असं नोंदलेलं आहे. बाई पुरुषाच्या बरोबरीची नसते, असं त्या बापाचं मत होतं. पुढं या मुलाला सैन्यानं घेतलं नाही, त्याच इंजिनिअरिंग कॉलेजातही प्रवेश मिळाला नाही. आता मार खाल्लेलं प्रत्येक लेकरू खुनी होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. लाखो लेकरं असा मार सोसून चांगली माणसं होतात. पण आपल्या अपयशाचा राग बायकांवर काढायचा, हे त्याला कुठं शिकायला मिळालं, हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

त्या शहरात मेलेल्या मुलींच्या आठवणीसाठी एक बाग केली आहे. तिथल्या फलकावर फक्त ‘शोकांतिका’ असा उल्लेख होता. तो बदलला 2019 मध्ये. नव्या फलकावर सरळ लिहिलं, की स्त्रीवादविरोधी हल्ल्यात 14 स्त्रियांचा खून झाला. फलकावर हे सरळ लिहायला घटनेनंतर 30 वर्षं लागली.

आता बंदुकीकडे येऊ. त्यानं ती रायफल चोरली नव्हती. रीतसर परवाना काढून दुकानातून घेतली होती. त्या दिवशी हायडी रॅथजेन ही विद्यार्थिनी त्याच कॉलेजात होती. ती वाचली. पुढं तिनं चांगली नोकरी सोडली आणि वेंडी कुकियर यांच्यासोबत बंदुकींवर कायदा व्हावा म्हणून संघटना उभी केली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पाच लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. आपण दारूबंदीसाठी गावात सह्या घेतो, तेव्हा शंभर सह्यांना किती उंबरे झिजवावे लागतात ते आठवा. शेवटी 1995 च्या डिसेंबरात कायदा झाला. बंदूक बाळगणाऱ्याला परवाना आणि प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची झाली.

पण इथंही समाज दुभंगला. शहरातले लोक म्हणाले, नोंद हवी. खेड्यातले शेतकरी आणि शिकारी म्हणाले, आमची बंदूक रानातल्या जनावरासाठी आहे, आम्हाला गुन्हेगारासारखं का वागवता? नोंदणीचा खर्चही अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी वाढला. एक अब्ज डॉलरवर जाईल, असं 2002 मध्ये खुद्द सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं. त्यामुळं विरोधकांच्या हाती कोलीत मिळालं. खेड्यातल्या लोकांचं सगळंच म्हणणं चुकीचं नव्हतं. पण या भांडणात मूळ गोष्ट मागं पडली. बंदूक किती, कुठली, कुणाची, यावर वीस वर्षं वाद झाला. बायकांवरच्या रागाचं काय करायचं, हे वादात आलंच नाही. 2012 मध्ये सरकार बदललेलं होतं, त्यांनी साध्या लांब बंदुकींची नोंदणी रद्द केली. क्युबेक प्रांत नोंदी वाचवायला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2015 मध्ये हरला. मग त्यांनी आपल्या प्रांतापुरती वेगळी नोंदणी सुरू केली.

दुसरी घटना एप्रिल 2020 ची, नोव्हा स्कोशिया प्रांतातली. पोर्टापिक हे समुद्रकाठचं छोटं गाव. दातांच्या कवळ्या बनवणारा एक पैसेवाला माणूस तिथं राहायचा. 18 तारखेच्या रात्री त्यानं आधी आपल्या जोडीदारीणीला मारहाण करून बांधून ठेवलं. ती कशीबशी सुटली आणि रात्रभर थंडीत रानात लपून राहिली. तो पोलिसांचा वेश घालून, पोलिसांच्या गाडीसारख्या गाडीतून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीनं मरेपर्यंत त्यानं 22 जणांचा जीव घेतला.

याच्याकडे बंदुकीचा परवाना नव्हता. बहुतेक बंदुका अमेरिकेतून चोरून आणलेल्या होत्या. म्हणजे कागदावरचा कायदा इथं पुरला नाही. पण गावाला माहिती होती. तो बाईला मारतो, त्याच्याकडे बेकायदा बंदुका आहेत, हे एका शेजारणीनं 2013 मध्येच पोलिसांच्या कानावर घातलं होतं. पुढं काही झालं नाही. शेवटी भीतीनं ती शेजारीणच गाव सोडून गेली.

घटनेनंतर सरकार म्हणालं, आम्ही आढावा घेऊ, खुली चौकशी नको. मेलेल्यांचे नातेवाईक रस्त्यावर आले, मोर्चा काढला, तेव्हा काही दिवसांत सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मधल्या काळात पोलिसांनी काय केलं? जिला बांधून मारलं होतं, त्याच बाईवर त्याला काडतुसं पुरवल्याचा गुन्हा दाखल केला. पुढं तो मागं घेतला गेला. पण मार खाणारीलाच आधी जाब विचारायचा, ही रीत सातासमुद्रापार सारखीच दिसते.

मार्च 2023 मध्ये आयोगाचा अहवाल आला. त्यानं 1989 पेक्षा वेगळं काम केलं. सरळ सांगितलं, की या हत्याकांडाची सुरुवात त्या रात्री झाली नव्हती. ती घरातल्या मारहाणीपासून झाली होती, आणि असे बरेचसे हल्ले घरातल्या हिंसेशी जोडलेले असतात. घरातला मार ही साथीच्या रोगासारखी गोष्ट समजा, असं आयोगानं म्हटलं. 2024 मध्ये त्या प्रांताच्या विधिमंडळानं ते कायद्यानं मान्य केलं. रोगाची साथ म्हटलं की सगळं गाव कामाला लागतं, हे कोरोनात आपण बघितलंय.

मग समाज कारणापर्यंत पोचायला का अडखळतो? मला तीन गोष्टी दिसतात. एक, ‘माथेफिरू’ म्हणून आपण विषय मिटवतो. दोन, हत्यारावरच्या भांडणात मनातला राग विसरतो. आणि तीन, घरातली मारहाण ही ‘त्यांची घरची बाब’ समजतो. यातली तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्याकडे असे बंदुकीचे प्रकार क्वचित होतात, पण भिंतीपलीकडचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं आपल्याला नवं नाही. आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजारणीलाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं. चांगल्या हेतूनं कळवलं, तर तिच्यावर कारवाई होत नाही. 181 हा महिला मदत क्रमांकही आहे. गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं यावर बोला. आपल्या संरक्षण अधिकारी कोण, त्यांचा नंबर गटाच्या वहीत आहे का, एवढं तरी बघा.

शेवटी एक सांगते. त्या कॉलेजनं 2014 पासून इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलींसाठी दरवर्षी मोठी शिष्यवृत्ती ठेवली आहे. चार गोळ्या झेलून वाचलेली नताली प्रोव्हो इंजिनिअर झाली, बंदुकीच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढली आणि 2025 मध्ये कॅनडाच्या संसदेत निवडून आली. आणि दर 6 डिसेंबरला माँट्रियलच्या डोंगरावरून आकाशात प्रकाशाचे 14 झोत सोडतात. एकेक झोत लागतो, तेव्हा त्या त्या मुलीचं नाव घेतात.