गोवा पावडर आणि बांधावरचा तरोटा

१/९
पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव परिसरात बांधांवर आणि रस्त्याकडेला तरोटा उगवतो. कोवळ्या पानांची भाजी होते. बाकीचा तणात जमा. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. या तणाचा आणि घरच्या मांजरीला होणाऱ्या गजकर्णाचा काय संबंध? धागा वाचा.

२/९
तरोट्याची संस्कृत नावे पाहा : चक्रमर्द आणि दद्रुघ्न. दद्रू म्हणजे गजकर्ण. दद्रुघ्न म्हणजे त्याचा नाश करणारा. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाच्या निघंटूत ही नावे आढळतात. या रोगामागे बुरशी असते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु गुणाचे निरीक्षण वनस्पतीच्या नावात टिकून राहिले.

३/९
हा रोग बुरशीमुळे होतो, हे १८४० च्या दशकात पॅरिसमधील डेव्हिड ग्रुबी यांच्यासारख्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले. कुत्र्यामांजरांत मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस, तर वासरांत ट्रायकोफायटन व्हेरुकोसम ही बुरशी आढळते. दोन्ही माणसालाही लागतात.

४/९
आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात तेथे गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी तिच्याकडे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. आजचा केम्प्स कॉर्नर हे नाव केम्प आणि कंपनीच्या दुकानावरूनच पडले.

५/९
पण ही पूड येई कुठून? व्यापाऱ्यांनी ते गुपित राखले होते. १८७५ मध्ये ब्राझीलमधील बाहियाचे डॉ. सिल्वा लिमा यांनी उलगडा केला : ही तर आमची अरारोबा! तेथील एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते. पोर्तुगीज व्यापारमार्गाने ती गोव्यात आली आणि गोव्याचेच नाव लावून पुढे गेली.

६/९
१८७८ मध्ये लीबरमान आणि सायडलर या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे केले : क्रायसारोबिन. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही पूड मिळेनाशी झाली, तेव्हा १९१६ मध्ये तेथे डायथ्रॅनॉल हा कृत्रिम पर्याय पुढे आला. सोरायसिसवर तो आजही वापरतात.

७/९
आणि तरोटा? १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या भारतीय संशोधकांनी त्यातील प्रमुख बुरशीनाशक घटक वेगळा केला. तो होता क्रायसोफॅनिक आम्लाचा अँथ्रोन, म्हणजेच क्रायसारोबिनचा मुख्य घटक. समुद्र ओलांडून, गुपित राखून विकले गेलेले द्रव्य आपल्या बांधावरच्या तणातही होते.

८/९
म्हणून मांजरीला तरोटा चोळावा का? मुळीच नाही. अरारोबा गोळा करणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांचीही आग होई. क्रायसारोबिन त्वचा भाजते, कपडे डागाळते. मांजर तर अंगाला लावलेले सारे चाटते. प्रयोगशाळेतील बशीत अर्काने बुरशी रोखली, एवढ्यावरून तो प्राण्याच्या अंगावर किंवा घराच्या फरशीवर सुरक्षित आणि पुरेसा ठरत नाही. गळलेल्या केसांवरचे बीजाणू महिनोन् महिने जगतात. केस झाडून काढणे, अंथरूण धुणे, फरशी साबणाने पुसून मग योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच वापरणे आणि पशुवैद्यांकडून उपचार घेणे, हाच मार्ग.

९/९
गोवा पावडरीच्या नावात ब्राझील कुठेच नव्हता. तरोट्याच्या नावात मात्र रोग आणि उपाय दोन्ही होते. त्या नावाची रासायनिक खातरजमा व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. पुढच्या पावसाळ्यात बांधावर तरोटा दिसला, तर त्याचे हे जुने नाव जरूर आठवा.