न पचलेल्या साखरेचा माग

शाळेच्या प्रयोगशाळेतील निळे बेनेडिक्ट द्रावण आपल्या परिचयाचे आहे. त्यात ग्लुकोज घालून तापवले की निळ्याचे हिरवे, पिवळे आणि शेवटी विटकरी होते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, हाच बदल घडवते. चहातील साखर मात्र घडवत नाही. मुलांच्या पचनातील विकरांची कमतरता ओळखताना हा साधा रंगबदल डॉक्टरांच्या कामी आला. तो इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण त्या ओघात 'कमतरता' या शब्दाचाच अर्थ बदलला.

प्रथम मूळ क्रिया पाहू. लॅक्टोजचा रेणू ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा बनलेला असतो. अखंड लॅक्टोज रक्तात नीट शोषले जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे विकर त्याचे दोन तुकडे करते. हे विकर कमी पडले की लॅक्टोज तसेच पुढे जाते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू ते आंबवतात. मग पोट फुगते, कळा येतात, आंबूस वासाचे पातळ जुलाब होतात.

हे विकर मोजायचे कसे? १९५७ साली अमेरिकन लष्करातील डॉक्टर विल्यम क्रॉस्बी यांनी धातूची एक लहान कुपी तयार केली. नळीला जोडलेली कुपी रुग्णाने गिळायची. ती लहान आतड्यात पोचल्यावर नळीतून हवा ओढली की आतले पाते फिरून अस्तराचा कण कापला जाई. १९५९ मध्ये मँचेस्टरचे आरोन होल्झेल व सहकारी यांनी लॅक्टोज न पचल्यामुळे खंगणाऱ्या अर्भकांची माहिती प्रसिद्ध केली. १९६४ मध्ये स्वीडनचे आर्ने डालक्विस्ट यांनी कणातील विकर मोजण्याची रीत दिली. कणाचा अर्क लॅक्टोजमध्ये मिसळायचा आणि ठरावीक वेळात किती ग्लुकोज सुटते ते पाहायचे.

पण तान्ह्या मुलाच्या आतड्यात कुपी पोचवणे सोपे नव्हते. १९६४ मध्येच ऑस्ट्रेलियातील केरी आणि शार्लट अँडरसन यांनी वेगळी वाट दाखवली. विकर शोधण्याऐवजी त्याच्या हातून राहिलेले काम शोधायचे! पातळ शौचाचे काही थेंब पाण्यात मिसळून त्यात क्लिनिटेस्टची गोळी टाकायची. बेनेडिक्ट द्रावणाप्रमाणे तिच्यातही तांब्याचा क्षार असे. रंग बदलला तर साखर न पचता बाहेर पडत आहे असे समजायचे. सुक्रेज या विकराची कमतरता असेल तर चहातील साखर पचत नाही. तिचा शोध घ्यायचा तर नमुना आधी आम्लाबरोबर उकळावा लागे.

पुढे श्वासाची चाचणी आली. आपल्या पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत. आतड्यातील जीवाणू करतात. लॅक्टोज पाजल्यानंतर श्वासातील हायड्रोजन वाढला तर ते न पचता जीवाणूंपर्यंत पोचले असा अर्थ होतो. १९७०च्या दशकात ही पद्धत रुजली आणि मुलांना नळी गिळण्याचा त्रास उरला नाही.

याच काळात एक कोडे पुढे आले. १९६५-६६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निरोगी कृष्णवर्णीय प्रौढांपैकी बहुतेकांत लॅक्टेज कमी आढळले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात देसाई, जीजीभॉय व सहकारी याच दशकात भारतीय रुग्णांच्या आतड्यांतील विकरे मोजत होते. १९८१ मध्ये टंडन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के आणि दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के व्यक्तींना लॅक्टोज नीट पचत नव्हते. एवढी निरोगी माणसे आजारी कशी म्हणायची? उत्तर असे, की दूध सुटल्यावर लॅक्टेज कमी होणे हाच सस्तन प्राण्यांचा सामान्य नियम आहे. काही मानवसमूहांत ते मोठेपणीही टिकते, हा अपवाद. त्यामागचा जनुकीय फरक फिनलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवला. भारतातही तोच फरक आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिरूर-दौंड भागात, शिक्रापूरसारख्या गावी, अनेक घरांत दावणीला गाई-म्हशी असतात. तेथे या इतिहासाचा उपयोग काय? 'दूध बाधते' या एकाच तक्रारीमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जन्मजात लॅक्टेज नसणे अतिशय दुर्मिळ. जुलाबांनी आतड्याचे अस्तर सोलवटल्यामुळे ते तात्पुरते कमी होणे नेहमीचे. अस्तर भरून आले की विकर परतते. वयाबरोबर ते घटणे हा तर आजारच नव्हे. केवळ रंग पाहून या तिन्हींतील फरक कळत नाही. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शौचातही थोडी साखर सापडू शकते. म्हणून जुलाब होताच आईचे दूध तोडणे घातक ठरते. ते चालूच ठेवावे आणि बाळाला डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्या मुलांबाबत मात्रा लक्षात घ्यावी. प्रौढांच्या चाचणीत अनेकदा ५० ग्रॅम लॅक्टोज एकदम देतात, म्हणजे सुमारे एक लिटर दुधातील साखर. कपभर दुधात ती दहा-बारा ग्रॅमच असते आणि तेवढी बहुतेकांना सोसते. विरजणातील जीवाणू तीही काही अंशी संपवतात. म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही-ताक चालते. म्हणून चाचणीचा निकाल वाचताना मुलाचे वय, त्याला नुकतेच जुलाब झाले होते का, आणि तो एका वेळी किती दूध पितो, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.