फरह बाग: तळ्यातली इमारत आणि पाण्याचा हिशेब

निजामशाही म्हटली की आपल्याला चांदबीबी आठवते, मलिक अंबर आठवतो, वेढे आणि तह आठवतात. त्या राजवटीने पाणी कसे आणले, उन्हाळ्यात गारवा कसा मिळवला, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या आग्नेयेला उभी असलेली फरह बाग त्याची साक्ष देते. 'फरह' हा अरबी शब्द, अर्थ आनंद. आसपासचे लोक मात्र तिला सरळ फऱ्याबाग म्हणतात.

पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या काळातली (1565 ते 1588) ही इमारत. आधी बांधलेला महाल पसंत पडला नाही म्हणून तो पाडून नवा उभारला, असे इतिहासकार सांगतात. नव्या कामाशी वजीर सलाबतखानाचे नाव जोडलेले आहे. 1583 मध्ये ते पूर्ण झाले. अष्टकोनी, दुमजली वास्तू, मध्ये सुमारे 30 फूट उंचीचे घुमटाचे दालन, भोवती खोल्या, बाहेरच्या बाजूंना उंच कमानी. आणि चारही बाजूंनी सुमारे 150 फूट रुंदीचे तळे.

हे तळे केवळ शोभेसाठी नव्हते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे 2400 किलोजूल उष्णता ओढून घेते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने तळ्यावरून येणारा वारा गार होतो. तो उंच कमानींतून आत शिरायचा. दालनातली गरम हवा वर घुमटाकडे चढायची, माणसे खाली बसायची. जाड दगडी भिंती दुपारचे ऊन आत पोचायला संध्याकाळ करायच्या. नगरची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून ही युक्ती तिथे चालते. हाच महाल रत्नागिरीत बांधला असता तर दमट हवेत बाष्पीभवन मंदावले असते आणि माणसे घामाघूम झाली असती. कोकणाने म्हणूनच वेगळी वाट धरली: जांभा दगड, उतरते कौलारू छप्पर, खाली झुकलेल्या पागोळ्या.

बांधकामाचे साहित्य जवळचेच, काळा दगड आणि चुना. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची. दख्खनचे कारागीर त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गरही घालत. चुना सावकाश घट्ट होतो आणि घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतो. सिमेंटच्या भट्टीला 1450 अंशांच्या आसपास तापमान लागते. शिवाय चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडू शकते, पाण्याकाठच्या इमारतीला हे फार महत्त्वाचे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे या कामातले शब्दही ऐकत राहतो. भिंत, चुना, वीट, खापर हे आपल्या मातीतले. इमारत, हौद, कमान, दरवाजा हे फारसी-अरबीतून आलेले. आज कोणताही गवंडी हे सगळे शब्द एकाच वाक्यात वापरतो आणि कोणता कुठून आला असे त्याला कोणी विचारत नाही. निजामशाही ही 'त्यांची' की 'आपली', या वादाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

नगरला पाणी येत होते ते खापरी नळांनी. कापूरवाडीसारख्या शिवारात विहिरी आणि जमिनीखालचे झरे हेरायचे, भाजक्या मातीचे नळ चुन्यात बसवून उतार राखत ते पाणी आणायचे, वाटेत हवा निघून जाण्यासाठी उच्छ्वास बांधायचे. पंप नाही, सगळा खेळ उताराचा. मात्र एखादा नळ गाळाने तुंबला किंवा फुटला तर तो शोधून दुरुस्त करणारा माणूस लागतो. राजवट गेली, देखरेख संपली, नळ हळूहळू बंद पडले. फरह बागेचा दगड आणि घुमट चारशे वर्षांनंतरही उभे आहेत, पण तळे कोरडे आहे. उन्हाळ्यात तिथे गेलात तर सावली मिळेल, तो गारवा मिळणार नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता बांधकामात आहे. धरणाच्या पाण्याकाठी तो छोटे अतिथीगृह बांधतो आहे, दगड, माती, चुना आणि बांबू वापरून. सिमेंट जवळजवळ नाहीच, हे तो अभिमानाने सांगतो. अभिमान रास्त आहे. पण मी त्याला साहित्याच्या आधी पाण्याचे विचारले. पाहुण्यांच्या न्हाणीघराचे पाणी कुठे जाणार? मैला तलावात झिरपणार नाही ना? मे महिन्यात पाणी मागे सरकले, गावाच्या विहिरी आटल्या, तर तुझी बोअर चालूच राहणार का? नळाची, गाळाची देखभाल कोण करणार? बांबू आणि चुना वापरून बांधलेल्या घरानेही गावाचे पाणी संपवता येते. तेव्हा पहिला नकाशा खोल्यांचा नको, पाण्याचा काढ: कुठून येते, किती येते, कुठे जाते आणि त्यावर आधी हक्क कोणाचा.

सलाबतखानाला हा हिशेब कळत होता. भातोडीचा जुना तलावही त्याच्याच नावावर सांगितला जातो. नगरजवळच्या शहाडोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे, आणि लोक तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. पाण्याचे काम करणाऱ्याचे नाव त्याच्या कबरीवरूनही पुसले जाते, लढणाऱ्यांचे राहते. निदान आपल्या मुलांना त्या डोंगरावर नेताना हे नाव बरोबर सांगावे. आणि तिथून परतताना फरह बागेकडे वळून, ते तळे कशाने भरत होते तेही सांगावे.