पारी गेली, सारण राहिलें

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळेंत शिकवितांना आम्ही मास्तर मंडळीही मुलांस त्याच वाटेनें नेतों. परंतु मनुष्यजातीनें रणांगणावर जेवढा काळ घालविला, त्याच्या कितीतरी पट काळ चुलीपुढें घालविला आहे. आणि चुलीलाही इतिहास आहे. त्यांतील एक लहानसें प्रकरण आज आपणांपुढें मांडावयाचें योजिलें आहे. विषय आहे, पारीवांचून केलेला भाज्यांचा कीश.

कीश हा शब्द ऐकून कोणास नारळाचा कीस आठवेल. त्याच्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं. कीश हा फ्रान्स देशांतील पदार्थ. पिठाची उघडी पारी थाळींत बसवावयाची, अंडीं आणि दूध किंवा साय एकत्र फेटून तींत ओतावयाचीं, मांसाचे किंवा भाजीचे तुकडे घालावयाचे, आणि सर्व भट्टींत भाजून काढावयाचें. आपल्या करंजीला जशी पारी व सारण, तशींच याचींही दोन अंगें. अलीकडे पुष्कळ घरांतून हा पदार्थ पारी न करतांच करितात, आणि जाणते लोक त्यास नाक मुरडतात. पारी नसलेली करंजी ती कसली करंजी, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीस उतरतो काय, हें आज पाहूं.

प्रथम नांव घेऊं. जर्मन भाषेंत केकसारख्या भाजलेल्या पदार्थास ‘कूखन’ म्हणतात. सरहद्दीवरील बोलींत त्या शब्दाचें रूप बदलत जाऊन ‘कीश’ झालें. ही सरहद्द म्हणजे लोरेन प्रांत. हा प्रांत १७६६ सालीं फ्रान्सच्या राज्यांत आला. १८७१ सालीं त्याचा एक भाग जर्मनीनें घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परत आला, १९४० सालीं पुन्हा जर्मनांच्या हातीं गेला आणि त्या युद्धाच्या अखेरीस पुन्हा सुटला. राजवाड्यांवरील निशाणें अशीं बदलत असतां स्वयंपाकघरांतील कीश मात्र दोन्ही राजवटींत शिजतच होता. जुन्या कीशाची पारी पावाच्याच कणकेची असे. आंत अंडीं, साय आणि खारविलेलें डुकराचें मांस. चीज त्यांत मागाहून शिरलें. ज्या दिवशीं पाव भाजावयाचे, त्या दिवशीं हातीं असलेल्या कणकेचा हा उपयोग. मूळ पदार्थ साधा, शेतकऱ्याच्या घरचा.

परंतु अंडीं आणि भाजी एकत्र करून थिजविण्याची युक्ति लोरेनहून फार प्राचीन आहे. रोमन लोकांचा एक पाकग्रंथ आज उपलब्ध आहे. तो आपिकियस याच्या नांवावर मोडतो, पण त्याचें आजचें स्वरूप इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकांतील मानतात. त्यांत ‘पातिना’ नांवाच्या पदार्थांचा मोठा वर्ग आहे. पातिना हें मुळांत एका पसरट, उथळ भांड्याचें नांव. भांड्याचेंच नांव पदार्थास मिळालें. त्यांतील एक कृति शतावरीच्या कुळांतील अ‍ॅस्परॅगस या भाजीची आहे. भाजी निवडतांना जे देठ आपण टाकून देतों, तेच घेऊन खलांत कुटावे, वर मद्य ओतून गाळून घ्यावें, कांदा, हिरवी कोथिंबीर आणि मिरीं वाटून घालावीं, तेल लावलेल्या भांड्यांत तो रस ओतावा, आणि मिळून येण्यासाठीं हवीं तर अंडीं फोडून घालावीं, असें तेथें सांगितलें आहे. शेवटीं वरून मिरपूड भुरभुरावयाची. रोमन जहाजें हीं मिरीं मलबारच्या किनाऱ्यावरून नेत. या सर्व कृतींत पिठाचा कण नाहीं. आज ज्यास आपण पारीवांचूनचा कीश म्हणतों, तो हाच होय.

मग पारी आली कोठून? याचें उत्तर भांड्यांत आणि भट्टींत आहे. मध्ययुगांत युरोपांत भाजण्यासाठीं घट्ट मळलेल्या कणकेचेंच भांडें करीत. इंग्रजींत या पिठाच्या भांड्यास ‘कॉफिन’ म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ शवपेटी असा झाला असला, तरी तेव्हां त्याचा अर्थ नुसती पेटी एवढाच होता. या पेटीच्या जाड भिंती आंतला रस धरून ठेवीत आणि सारण जळूं देत नसत. सारांश, पारी ही प्रथम भांडें होती. तिला खाद्याची प्रतिष्ठा पुढें मिळाली.

याची साक्ष एका शब्दानें द्यावी, हें भाषेचें कौतुकच आहे. आपण ज्यास कस्टर्ड म्हणतों, तो शब्द ‘क्रुस्टाड’ या जुन्या शब्दापासून आला, आणि क्रुस्टाड म्हणजे पारी असलेला पदार्थ. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनीं चौदाव्या शतकाच्या अखेरीस जो पाकग्रंथ सिद्ध केला, त्यांत हे पारीचे पदार्थ आहेत. पुढें पारी गळून पडली आणि नुसतें दूध-अंड्यांचें सारण वाडग्यांत राहिलें. नांवांत मात्र पारी अजून आहे. कस्टर्डाला पारी नाहीं म्हणून कोणी नाक मुरडल्याचें ऐकिवांत नाहीं. मग कीशानेंच काय अपराध केला?

भट्टीचीही गोष्ट विचारांत घेतली पाहिजे. त्या काळीं सामान्य माणसाच्या घरीं भट्टी नसे. फ्रान्समध्यें पुष्कळ ठिकाणीं गांवच्या जमीनदाराची भट्टी असे. रयतेनें आपला पाव तेथेंच भाजावा आणि त्याबद्दल मोबदला द्यावा, असा निर्बंध होता. हे सरंजामी हक्क राज्यक्रांतींत, १७८९ पासून १७९३ पर्यंतच्या कायद्यांनीं, नष्ट झाले. म्हणजे पारीचा पदार्थ करावयाचा तर दुसऱ्याच्या दारीं जावें लागे. परंतु पसरट भांड्यांत अंडीं-भाजी थिजवावयाची तर घरचा निखारा पुरे. पारीवांचूनचा पदार्थ हा गरिबाच्या चुलीवरही होण्यासारखा होता.

एकोणिसाव्या शतकांत लोखंडी शेगड्या व पत्र्याचीं भांडीं घरोघर आलीं, आणि पारीची गरज संपली. उरली ती आवड. दुसऱ्या महायुद्धानंतर कीश इंग्लंड-अमेरिकेंत पसरला. जूलिया चाइल्ड व तिच्या दोन फ्रेंच सहकारिणी यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथानें अमेरिकेंत त्यास चांगलाच हातभार लावला. पुढें ६ मे २०२३ रोजीं राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्त पालक आणि शेंगांतील दाणे घातलेला कीश पसंत करण्यांत आला. शेतकऱ्याचा पदार्थ असा राजाच्या पंक्तीस जाऊन बसला, अर्थात् पारीसह.

आतां पारी गाळण्याचें एक कारण असें आहे कीं, तेथें आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाहीं. सीलियाक नांवाचा एक आंतड्यांचा रोग आहे. पूर्वी तो झालेलीं मुलें झिजत जात आणि पुष्कळ दगावत. कारण कोणास उमगत नसे. विलेम कारेल डिके या डच बालवैद्यास गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन अंमलाखालील हॉलंडांत उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. अशा भयंकर काळांत हीं आजारी मुलें मात्र सुधारलीं, आणि पाव पुन्हा मिळूं लागतांच त्यांचें दुखणें उलटलें. डिके यानें आपला प्रबंध १९५० सालीं उट्रेख्ट येथें सादर केला. गव्हांतील ग्लूटेन नांवाचें द्रव्य या मुलांस बाधतें हें पुढें निश्चित झालें. अशा मुलाच्या ताटांत पारी नसलेला कीश वाढणें ही काटकसर नव्हे कीं आळस नव्हे; ती त्याच्या प्रकृतीची राखण आहे. कित्येक कृतींत चमचाभर मैदा घालावयास सांगतात. तोही अशा घरीं वर्ज्य करावा.

आतां प्रत्यक्ष कृति. चार जणांस चार अंडीं, एक पेला दूध आणि दोन वाट्या शिजलेली भाजी घ्यावी. पालक, कोबी, कांदा, ढोबळी मिरची यांपैकीं कोणतीही चालेल. पारी कांहीं ओलावा शोषून घेते. ती नसली म्हणजे भाजीचें पाणी आपणच घालविलें पाहिजे. याकरितां भाजी थोड्या तुपावर परतून, तिचें पाणी आटवून, निववून घ्यावी; पालक असल्यास पिळून घ्यावा. अंडीं व दूध हलक्या हातानें फेटून मीठ-मिरपूड घालावी, आवडत असल्यास थोडें किसलेलें चीज घालावें, आणि तूप लावलेल्या पसरट भांड्यांत भाजीवर ओतावें. भट्टी असल्यास १८० अंशांवर सुमारें अर्धा तास पुरतो. नसल्यास जाड तव्यावर झांकण ठेवून मंद आंचेवर करावें. घाई करूं नये. दुधांत मिसळलेलें अंडें सुमारें ८० अंशांच्या आसपास थिजतें. त्याहून फार तापलें तर तें फाटून पाणी सोडतें. मधला भाग किंचित् थरथरत असतांनाच उतरावें, दहा मिनिटें मुरूं द्यावें, मग वड्या पाडाव्या. आंतल्या उष्णतेनें राहिलेलें काम आपोआप पुरें होतें.

हें करीत असतां मुंबईंतील पुष्कळ गृहिणींस आपल्या पारशी शेजारणीची आठवण होईल. परतलेल्या भेंडीवर किंवा टोमॅटोवर अंडीं फोडून, वर झांकण ठेवून तीं थिजविण्याची रीति त्यांच्या घरांत रोजची आहे. आणि त्यांच्या पूर्वजांच्या इराणांत हिरव्या पाल्याचा व अंड्यांचा ‘कुकू’ नवरोजाच्या सणास करितात. त्यांतही पारी नाहीं, आणि ती नसल्याची खंतही नाहीं.

तात्पर्य, जाणत्यांचा आक्षेप टिकत नाहीं. मोदकाची गोष्ट निराळी. तेथें पारी हाच अर्धा मोदक आहे. कीशाची पारी भांड्याच्या जागीं आली, भांडें आल्यावर रुचीसाठीं राहिली, आणि जेथें ती परवडत नाहीं किंवा सोसत नाहीं तेथून तिनें खुशाल जावें. ज्या घरांत ती करीत नाहींत, त्या घरानें कीशाची मोडतोड केली असें समजूं नये; दीड हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली रीति त्यानें पुन्हा चुलीवर ठेविली, एवढेंच.