गावकरी (गोवा)

गोव्यातील ग्रामजमिनीच्या सामुदायिक मालकीची प्राचीन संस्था. पोर्तुगीज अमदानीत १५२६ च्या सनदेत तिच्या रूढी नोंदल्या गेल्या आणि पुढे ती ‘कोमुनिदाद’ म्हणून ओळखली जाऊ लागली. शेते ठरावीक मुदतीने लिलाव करून खंडाने दिली जात व त्या उत्पन्नातून खाडीकाठच्या खाजन जमिनींचे मातीचे बांध आणि भरतीला मिटून ओहोटीला उघडणारी मानशीची लाकडी दारे यांची डागडुजी होई. कारण एक बांध फुटला, तरी खारे पाणी साऱ्यांच्याच भातशेतीत शिरे. कूळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास मालकी मिळाली, हे न्याय्यच झाले. परंतु बांध राखण्याचे सामुदायिक उत्तरदायित्व ज्यांच्याकडे आले त्या कूळसंघांना (कुळांच्या संघटनांना) ते तितक्या दृढतेने पेलता आले नाही, आणि अनेक खाजने आज पडीक किंवा खारफुटीने व्यापलेली आहेत.